उघड्या झाकणाची वहिवाट

१९७५ सालच्या जानेवारी महिन्यात अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर ज्या यंत्राचे छायाचित्र झळकले, आणि जे पाहून त्या देशाच्या कानाकोपऱ्यांतील माणसांनी, वस्तू डोळ्यांनी न पाहता, लखोट्यांत धनादेश घालून ते न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क या आडवळणाच्या शहरी रवाना केले, ते यंत्र वस्तुतः यंत्र नव्हतेच. ती एक पोकळ पेटी होती. खरा नमुना मालवाहतुकीने न्यूयॉर्ककडे निघाला तो वाटेतच गहाळ झाला, अंक छापावयास देण्याची मुदत येऊन ठेपली, आणि मग दर्शनी भागावर दिवे व खटके बसवलेली, परंतु पोटात काही एक नसलेली पेटी घाईघाईने उभी करून तिचे चित्र काढण्यात आले. चतुर्थीच्या आदल्या रात्री मखर सजून तयार असते आणि मूर्ती अद्याप मूर्तिकाराच्या कारखान्यातच असते, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे मूर्ती घडवण्याचे काम भक्तांनीच आपापल्या घरी बसून करावयाचे होते; कारण मासिकाने वाचकांपुढे ठेवली होती ती तयार वस्तू नव्हे, तर ३९७ डॉलरांस मिळणारी सुट्या भागांची पुडकी, आणि ती जुळवण्याचे आराखडे.

त्या यंत्राचे नाव आल्टेअर ८८००. ते निर्माण करणारे एड रॉबर्ट्स हे गृहस्थ त्याआधी छोटी आकडेमोड-यंत्रे विकीत असत, आणि मोठ्या कंपन्यांनी त्या धंद्यात उतरून भाव पाडल्यामुळे त्यांचा कारखाना कर्जाच्या गाळात रुतला होता. कर्जातून वर येण्यासाठी त्यांनी केलेली ही अखेरची तजवीज काहीशे गिऱ्हाइकांवर भागेल असा त्यांचा अंदाज होता. मागण्या हजारांनी आल्या. इंटेल कंपनीची ८०८० ही चिप त्यात होती, आणि स्मृती होती २५६ अक्षरांची, म्हणजे या लेखाचे पहिले वाक्यही जिच्यात पुरते मावले नसते एवढी. टंकफलक नाही, पडदा नाही. एकेक खटका वर-खाली करून आज्ञा आत घालावयाची आणि लाल दिव्यांच्या उघडझापीतून उत्तर वाचावयाचे. अशा वस्तूचा व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न कोणाही शहाण्या माणसाने विचारला असता. परंतु ज्यांनी धनादेश पाठवले त्यांना उपयोगाची क्षिती नव्हती. गणकयंत्र ही सरकारची, विद्यापीठाची किंवा बँकेची मालमत्ता, ती वातानुकूलित खोलीत काचेआड राहणार आणि तिची सेवा पगारी पुजाऱ्यांनी करावयाची, ही पंचवीस वर्षांची रीत मोडून ती वस्तू आपल्या जेवणाच्या टेबलावर झाकण काढलेल्या अवस्थेत असावी, एवढीच त्यांची आकांक्षा होती.

मी मुद्दामच ‘झाकण काढलेल्या अवस्थेत’ असे म्हणतो. घरगुती संगणकाची बखर लिहिणारे बहुधा चिपपासून प्रारंभ करतात आणि कोट्यधीशांच्या नामावळीपाशी येऊन थांबतात. मला मात्र, जुन्या संगणकांचे जे मेळावे अलीकडे गावोगावी भरू लागले आहेत त्यांच्याविषयी वाचताना आणि त्यांची चित्रे न्याहाळताना, हा सारा इतिहास झाकणाचा आहे असे उत्तरोत्तर वाटू लागले आहे. झाकण उघडे होते तेव्हा काय घडले, ते कोणी लावले, आणि आता ते पुन्हा कोण काढीत आहेत, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

हौशी लोकांचा यंत्रसंग आल्टेअरच्या पूर्वीही होताच. १९६६ साली स्टीफन ग्रे यांनी हौशी संगणक-निर्मात्यांची एक संस्था स्थापून पत्रकाद्वारे त्यांची परस्परांशी गाठ घालून दिली होती. १९७१ साली जॉन ब्लँकेनबेकर यांनी केनबॅक नावाचे, एकही तयार चिप-संगणक न वापरता रचलेले यंत्र विक्रीस काढले होते, आणि त्याच्या जेमतेम चाळीसएक प्रती होऊन धंदा मिटला होता. परंतु पत्राने होणारी मैत्री आणि एका छपराखाली, एकाच यंत्रावर डोकी एकवटून होणारी मैत्री यांत महदंतर आहे. ते छप्पर मिळाले कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क या गावी, ५ मार्च १९७५ च्या बुधवारी, पावसाळी संध्याकाळी, गॉर्डन फ्रेंच या अभियंत्याच्या मोटार ठेवण्याच्या जागेत. निमंत्रणाची पत्रके लावली होती फ्रेड मूर यांनी. हे मूर म्हणजे अमेरिकी हवाई दलातील अधिकाऱ्याचे चिरंजीव. १९५९ साली बर्कली येथील विद्यापीठात सक्तीच्या लष्करी शिक्षणाचा निषेध म्हणून त्यांनी पायऱ्यांवर बसून उपोषण केले होते. उपोषण करणारा मनुष्य पुढे गणकयंत्रांचा मेळावा भरवतो, ही संगती आपल्याला प्रथमदर्शनी विलक्षण वाटेल. पण चरखा हे यंत्रच आहे आणि प्रश्न यंत्राचा नसून ते कोणाच्या हाती आहे याचा आहे, हा विचार ज्या देशात एका महापुरुषाने जन्मभर सांगितला त्या देशातील वाचकाला तरी ती फार काळ विलक्षण वाटू नये.

त्या रात्री ३२ माणसे आली. मध्यभागी एक आल्टेअर ठेवला होता, आणि त्याला जोडण्यासारखे काहीही नसल्यामुळे तो केवळ दिवे लुकलुकवीत बसला होता. कोणी काय बांधीत आहे, कोणाकडे कोणते सुटे भाग आहेत, कोणाला काय हवे आहे, याची जमलेल्यांनी आळीपाळीने कैफियत दिली; निघताना एकाने ८००८ जातीची एक चिप वर धरून ही कोणाला हवी म्हणून विचारले आणि ती तत्क्षणी दिली गेली, अशी आठवण सांगितली जाते. या मंडळीस पुढे ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ असे नाव मिळाले. ‘होमब्रू’ म्हणजे घरी गाळलेले मद्य. आपल्याकडील सोवळ्या वाचकाने हवे तर ‘घरगुती मसाला’ म्हणावे. संख्या वाढली तशी मंडळी स्टॅनफर्ड येथील कणत्वरक केंद्राच्या सभागृहात हलली, आणि सूत्रे ली फेलसेनस्टाइन यांच्याकडे आली. त्यांनी सभेला जो शिरस्ता घालून दिला तो मला फार मनोज्ञ वाटतो. पूर्वार्धात प्रत्येकाने आपल्या जागी उभे राहून, आपणापाशी काय आहे आणि आपणाला काय हवे आहे ते थोडक्यात सांगावयाचे. ऐकणाऱ्यांनी कोण कोठे बसला आहे ते लक्षात ठेवावयाचे. उत्तरार्धात सभा मोडावयाची आणि ज्याने त्याने आपल्याला हव्या त्या माणसाकडे धाव घ्यावयाची. व्याख्यान नाही, अध्यक्षीय समारोप नाही, आभारप्रदर्शनही नाही. त्यानंतर जवळच्या ‘ओएसिस’ नामक खानावळीत रात्री उशिरापर्यंत तीच चर्चा. आमच्या सभासंमेलनांत निम्मा वेळ हारतुऱ्यांत जातो हे आठवून येथे एक सुस्कारा सोडतो आणि पुढे जातो.

फेलसेनस्टाइन यांच्यावर इव्हान इलिच या विचारवंताच्या ग्रंथाचा संस्कार होता. साधन असे असावे की, वापरणाऱ्याला ते समजावे, उघडता यावे आणि आपल्या गरजेनुसार वळवता यावे, हे इलिच यांचे प्रतिपादन. आणि फेलसेनस्टाइन यांचे म्हणणे असे की, यंत्राभोवती ते दुरुस्त करू शकणाऱ्या माणसांचा समाज उभा राहिला तरच ते यंत्र टिकते. ही गोष्ट पुढे अशा रीतीने खरी ठरावयाची होती की, तिची कल्पना त्या वेळी त्यांनाही नसावी.

पण तत्त्वज्ञानापेक्षा मौजेचे सामर्थ्य अधिक. १९७५ च्या एप्रिलमध्ये मेन्लो पार्कमधील पेनिन्सुला शाळेत मंडळी जमली असता स्टीव्ह डॉम्पिअर यांनी आपला आल्टेअर टेबलावर ठेवला, त्याच्यावर एक साधा रेडिओ ठेवला, आणि जमिनीवर बसून ते खटके वर-खाली करू लागले. बराच वेळ हे चालले असता कोणाचा तरी पाय विजेच्या तारेत अडकला, तार निघाली आणि सारे श्रम वाया गेले. कारण वीज जाताच यंत्राची स्मृती पाटी पुसल्यासारखी कोरी होई. त्यांनी निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. मग त्या रेडिओतून, ज्याला कसलीही तार जोडलेली नव्हती, बीटल्सच्या ‘फूल ऑन द हिल’ या गाण्याची चाल ऐकू आली. आल्टेअरच्या पोटातील खुळखुळ विद्युत्-लहरींच्या रूपाने बाहेर सांडत असे आणि जवळच्या रेडिओत खरखर करी. त्या खरखरीलाच डॉम्पिअर यांनी स्वरांत बांधले होते. टाळ्यांचा कडकडाट ओसरण्यापूर्वीच यंत्राने दुसरे गाणे धरले, ते ‘डेझी’. १९६१ साली बेल प्रयोगशाळेतील आय.बी.एम.च्या प्रचंड गणकयंत्राकडून जे गाणे म्हणवून घेण्यात आले होते तेच. प्रयोगशाळेतील गजराजाने केलेली करामत शाळेच्या जमिनीवरील पेटीने करून दाखवली, आणि तीही एका दोषाचा गुण करून. पेटीचे आवरण अधिक घट्ट असते तर ते गाणे कोणाच्या कानी पडले नसते.

या क्लबात स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक नावाचा ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीतील एक लाजाळू तरुण पहिल्या रात्रीपासून येत असे. तो सभेत बोलत नसे. उत्तरार्धात आपले यंत्र टेबलावर मांडून बसे आणि विचारील त्याला दाखवी. त्याने स्वतः रचलेल्या यंत्राच्या आराखड्यांच्या प्रती तो क्लबात फुकट वाटत असे. १९७६ साली त्याच्या मित्राच्या, म्हणजे स्टीव्ह जॉब्ज यांच्या आग्रहाने ते यंत्र अ‍ॅपल या नावाने ६६६.६६ डॉलरांस विक्रीस आले, तेव्हा त्याला झाकण नव्हते, कारण पेटीच नव्हती. गिऱ्हाइकाच्या हाती पडे ती केवळ चिपा बसवलेली हिरवी पाटी. टंकफलक, वीजपुरवठा आणि पडदा ही ज्याची त्याने पाहावयाची. कित्येकांनी सुताराकडून लाकडी पेट्या करवून घेतल्या. असे सुमारे २०० नग झाले; त्यांपैकी एक २०१४ साली लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरांस हेन्री फोर्ड संग्रहालयाने घेतला. पुढल्या वर्षी, १९७७ च्या एप्रिलात, सॅन फ्रान्सिस्कोच्या पहिल्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये अ‍ॅपलचे दुसरे यंत्र आले. त्याला सुबक पेटी होती, पण झाकण असे की, एकही स्क्रू न काढता हातांनी उचलावे. आत आठ खाचा, हवे ते जोडण्यासाठी. जॉब्ज यांना दोनच खाचा पुरेशा वाटत होत्या. आठांसाठी वॉझ्निअ‍ॅक हटून बसले. या दोन आणि आठमधील भांडणात पुढील सगळ्या इतिहासाचे बीज आहे.

मालकीचा प्रश्न मात्र त्याआधीच उपस्थित झाला होता. आल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी लिहिलेली बेसिक भाषा भोके पाडलेल्या कागदी फितीवर असे. पालो आल्टोतील एका प्रात्यक्षिकाच्या वेळी तिची एक गुंडाळी कोणी उचलली, तिच्या प्रती झाल्या, आणि क्लबात त्या वाटताना अट घालण्यात आली की, एक नेणाऱ्याने पुढच्या वेळी दोन आणून द्याव्यात. सावकारी दिढीदुपटीचा इतका परोपकारी उपयोग अन्यत्र कोठे झाला असेल असे वाटत नाही. गेट्स यांना अर्थातच त्यात परोपकार दिसला नाही, आणि ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेच्या अनावृत पत्राने त्यांनी हौशी मंडळींवर चोरीचा उघड आरोप केला. दोन्ही पक्षांची बाजू मला समजते. लेखकाला मानधन मिळावे या मताचा मी स्वाभाविकपणे आहे. पण फितीची नक्कल करणाऱ्यांनीच ती भाषा घरोघर नेली हेही खोटे नाही.

या सुमारास आपल्या मुंबईत काय स्थिती होती? यंत्रविद्येची वाण होती असे मुळीच नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी सुमारे २,७०० निर्वात नलिकांचे गणकयंत्र स्वतः रचून १९६० साली कार्यान्वित केले होते, आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले होते. परंतु व्यापारी जगतात राज्य होते आय.बी.एम.चे. १९६१ साली मुंबईत एस्सो या तेलकंपनीकडे १४०१ जातीचे यंत्र आले आणि पुढे त्याची भावंडे देशभर पसरली. ही यंत्रे विकली जात नसत, भाड्याने दिली जात. आणि भाडेकरूला ज्याप्रमाणे घराची भिंत पाडण्याचा अधिकार नसतो, त्याप्रमाणे यंत्राचे झाकण उघडण्याचा अधिकार कंपनीच्या अभियंत्याखेरीज कोणास नसे. शिवाय इकडे येणारी कित्येक यंत्रे अन्यत्र वापरून झालेली, डागडुजी करून पाठवलेली असत. संसदेच्या लोकलेखा समितीने यावर पुढे कडक ताशेरे ओढले. म्हणजे जुने संगणक हे इतरत्र कौतुकाचा विषय होण्याच्या किती तरी आधी आपल्याकडे ते कचेरीत हजेरीपटावर होते, आणि त्यांचे पूर्ण भाडे आपण भरीत होतो. यंत्रांमुळे कारकुनांच्या पोटावर पाय येईल या भीतीने उठलेल्या आंदोलनांनंतर पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आयातीचे परवाने, जकात, मंजुऱ्या यांच्या तटबंदीतून एखादी चिप हौशी माणसाच्या हाती पडणे म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. १९७८ साली आय.बी.एम.ने देशातील आपला गाशा गुंडाळला तेव्हा तिची मागे राहिलेली यंत्रे सांभाळण्याचे काम सी.एम.सी. या सरकारी संस्थेकडे आले, आणि झाकणे उघडण्याचा मक्ता प्रथमच देशी हातांत आला. मेन्लो पार्कसारखे छप्पर आपल्याकडे का उभे राहिले नाही, याचे उत्तर बुद्धीच्या उणिवेत नव्हे तर या दफ्तरात शोधावे.

त्याच १४०१ ची एक गोष्ट आइसलँडमधील आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तेथे १९६४ साली आलेल्या या यंत्राची देखभाल करणाऱ्या योहान गुन्नारसन यांच्या ध्यानात आले की, याच्या स्मृतीजवळ रेडिओ धरला असता त्यातून सूर निघतात. डॉम्पिअर यांना गवसलेली युक्ती ती हीच. फावल्या वेळात त्यांनी यंत्राकडून चाली वाजवून घेतल्या, आणि १९७१ साली यंत्र सेवानिवृत्त झाले तेव्हा त्याला रीतसर निरोप देऊन त्या चाली ध्वनिमुद्रित केल्या. त्यांचे चिरंजीव योहान योहानसन हे पुढे नामांकित संगीतकार झाले. त्यांनी त्या मुद्रणावरून रचलेले वाद्यवृंदाचे संगीत २००६ साली प्रसिद्ध झाले. आज कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक-संग्रहालयात दोन १४०१ यंत्रे, एक जर्मनीतून आणलेले आणि एक कनेक्टिकटमधून, निवृत्त अभियंत्यांनी वर्षानुवर्षे खपून पुन्हा चालती केली आहेत. मुंबईतील कचेऱ्यांत जन्म घालवलेल्या त्यांच्या भावंडांसाठी मात्र कोणी रेडिओ लावून ठेवला नव्हता.

होमब्रू क्लबाचा आपल्या देशाशी एक हळवा संबंध मात्र होता. सभेच्या वेळी बाहेर खोक्यातून स्वतःची संगणकविषयक पुस्तके विकीत उभे असणारे अ‍ॅडम ऑसबोर्न हे गृहस्थ जन्माने बँकॉकचे, पण बालपण त्यांचे तिरुवण्णामलै येथे, रमण महर्षींच्या सान्निध्यात गेले होते. त्यांचे वडील आर्थर ऑसबोर्न हे महर्षींचे निष्ठावंत भक्त आणि चरित्रकार. या अ‍ॅडम ऑसबोर्न यांनी फेलसेनस्टाइन यांच्याकडून एक उचलून नेता येणारे यंत्र रचवून घेतले आणि १९८१ च्या एप्रिलात १,७९५ डॉलरांस बाजारात आणले. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंची, आणि झाकण असे की, बाजाच्या पेटीसारखे बंद करून कडीला धरून उचलावे; उघडले की झाकणाच्याच आतल्या अंगाला टंकफलक. यंत्र तुफान खपले आणि कंपनी १९८३ च्या सप्टेंबरात दिवाळखोरीत निघाली. अखेरची वर्षे ऑसबोर्न यांनी कोडाईकनाल येथे आजारपणात काढली आणि तेथेच २००३ साली त्यांचे देहावसान झाले. जुन्या संगणकांच्या मेळाव्यात ही पेटी बहुधा असतेच, आणि ती उचलून पाहण्याचा मोह पाहुण्यांना आवरत नाही. उचलल्यानंतर ‘नेता येणारे’ या विशेषणाविषयी त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो पाहण्यासाठी मालक टपून बसलेला असतो.

होमब्रूच्या सभा १९८६ च्या डिसेंबरात थांबल्या. ज्या वस्तूसाठी जमावयाचे ती आता दुकानात मिळू लागली होती. अकरा वर्षे गेली, आणि १९९७ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातीलच प्लेझंटन या गावच्या जत्रेच्या मैदानावर सेलाम इस्माईल यांनी पहिला ‘व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल’ भरवला. पुढे न्यू जर्सीतील वॉल येथे, ज्या लष्करी तळावरून १९४६ साली चंद्रावर रडारची लहर आपटवून तिचा प्रतिध्वनी ऐकण्यात आला त्या कॅम्प इव्हान्सच्या जुन्या इमारतींत, असाच मेळावा भरू लागला, आणि देशोदेशी त्यांचे लहान-मोठे अवतार निघाले. यांची मांडणी पाहिली की, जुना शिरस्ताच पुन्हा चालू झाल्यासारखे वाटते: लांब टेबले, प्रत्येकापुढे आपापले यंत्र, विचारील त्याला सांगणारा मालक, आणि एका कोपऱ्यात जुन्या भागांची देवघेव. संग्रहालयात वस्तू काचेआड असते आणि ती बंद असते. येथे ती चालू असते आणि पाहुण्याने तिला हात लावावा अशी अपेक्षा असते. आल्टेअरचे खटके दहा वर्षांचा मुलगा वर-खाली करतो आहे आणि त्याच्या आजोबांच्या वयाचा मनुष्य त्याला अष्टमान पद्धतीचे अंक समजावून देतो आहे, हे दृश्य तेथे नित्याचे.

हे चालू ठेवणे मात्र सोपे नाही, आणि या विद्येविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मेळाव्याचा खरा जीव तीत आहे. पाऊणशे वर्षांची पितळी समई चिंच लावून घासली की उजळते. चाळीस वर्षांचा संगणक घासून भागत नाही, तो आतून कुजतो. पहिला वैरी म्हणजे घड्याळ चालू राहावे म्हणून पाटीवरच डाग देऊन बसवलेली छोटी बॅटरी: ती कालांतराने पाझरते, आणि तिचे क्षार तांब्याच्या रेषा एकेक करून खातात, त्यामुळे जाणता माणूस जुने यंत्र हाती येताच चालू होते की नाही हे पाहण्यापूर्वी बॅटरी कापून काढतो. दुसरा वैरी कंडेन्सर. कित्येक वर्षे बंद पडलेल्या यंत्राला एकदम पूर्ण दाबाची वीज दिली तर सुकलेले कंडेन्सर फुटतात. म्हणून आपल्या प्रयोगशाळांत ज्याला डिमरस्टॅट म्हणतात त्या उपकरणाने, उपोषण सोडणाऱ्या माणसाला लिंबाच्या सरबतापासून अन्नावर आणावे तशी, वीज थोडीथोडी वाढवीत न्यावी लागते. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे बी.बी.सी. मायक्रो हे यंत्र, जे १९८४ पासून ‘क्लास’ योजनेखाली आपल्या निवडक शाळांतही आले होते, त्याच्या वीजपुरवठ्यात कागदी थरांचा एक कंडेन्सर असे. त्याच्या पारदर्शक कवचाला बारीक तडे जातात, दमट हवा आत शिरते आणि एके दिवशी भर मेळाव्यात यंत्रातून दाट, उग्र वासाचा धूर निघू लागतो. नवखा घाबरून दूर सरतो. मुरलेला माणूस शांतपणे बटण बंद करतो, तो कंडेन्सर बदलतो आणि पाऊण तासात यंत्र पुन्हा टेबलावर येते. पांढऱ्या प्लास्टिकच्या पेट्या काळाने हळदीसारख्या पिवळ्या पडतात. त्यांना हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन उन्हात ठेवले असता रंग पुष्कळ परत येतो, हा शोध कोणा रासायनिक कंपनीने नव्हे तर हौशी मंडळींनीच २००८ च्या सुमारास लावला. अशा पेट्या ज्या गच्चीत वाळत घातलेल्या असतात ती पाहून कोणा मराठी गृहिणीला सांडग्या-पापडांची आठवण झाल्यास नवल नाही. तो रंग टिकतो किती, यावरून मात्र मेळाव्यांत कडाक्याचे वाद होतात आणि प्लास्टिक पिवळेच राहू द्यावे असे म्हणणाऱ्यांचाही एक बाणेदार पक्ष आहे. मी त्या पक्षाचा आहे.

आपल्याकडे या वहिवाटीला जागा कोठे, असे मनात येते तेव्हा मला तंत्रनिकेतनांतील ८०८५ चे किट आठवते: रेक्झिनच्या पेटीत बसवलेली उघडी पाटी, छोटा टंकफलक, आणि सहा लाल अंक. हाच आपला आल्टेअर. जगात त्या चिपेची सद्दी संपल्यानंतरही किती तरी वर्षे आपल्या विद्यार्थ्यांनी तिच्यावर दोन संख्यांची बेरीज करून उत्तर वहीत उतरवले, आणि बहुतेकांनी परीक्षा संपताच तिला मनोमन शाप दिला. आता ती किटे वर्गखोलीच्या कपाटातून निर्लेखनाच्या यादीत जातात, आणि तेथून भंगारात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फेरी मारणाऱ्याला मोडक्या पंख्यांच्या आणि नळांच्या तोट्यांच्या शेजारी अशा हिरव्या पाट्या क्वचित दिसतात. त्यांचा भाव वजनावर ठरतो. पांढऱ्या सिरॅमिकच्या, सोनेरी पायांच्या ज्या चिपेसाठी परदेशातील हौशी माणूस महिनोन् महिने शोध घेतो, तिच्यावर आमच्या भंगारवाल्याचीही नजर असते, पण ती सोन्याच्या त्या मुलाम्यासाठी. आणि आम्लाच्या पातेल्यात पडल्यावर तिच्यातून जे निघते ते तोळ्यात मोजण्याइतकेही नसते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे ती पाठवली कोणी, हे त्याच्या हातगाडीवरील कागदांत नमूद असतेच.

झाकणाच्या गोष्टीतील एक प्रकरण राहिले. २४ जानेवारी १९८४ रोजी अ‍ॅपलने मॅकिन्टॉश हे यंत्र २,४९५ डॉलरांस बाजारात आणले. आठ खाचांचा पक्ष हरला होता. या यंत्राला एकही खाच नव्हती, आणि झाकण अशा तारकाकृती स्क्रूंनी आवळलेले होते की, त्यांतील काही हँडलच्या खोबणीत इतके खोल बसवलेले होते की, साध्या हत्याराने ते निघूच नयेत. गिऱ्हाइकाने आत पाहू नये हीच त्यातील इच्छा. मेळाव्यांत हे यंत्र उघडण्यासाठी हातभर दांड्याचा खास पेचकस बाळगणारा एखादा तरी असतोच. तो यंत्र पालथे घालतो, स्क्रू एकेक करून काढतो, दोन्ही तळहातांनी मागचे आवरण हलकेच ओढतो, आणि ते निघाल्यावर पाहुण्यांना त्याची आतली बाजू प्रकाशाकडे धरून दाखवतो. तेथे, प्लास्टिकमध्येच उठवलेल्या, यंत्र घडवणाऱ्या मंडळींच्या सह्या आहेत. १९८२ च्या १० फेब्रुवारीला एका मोठ्या कागदावर त्या घेतल्या गेल्या आणि साच्यात कोरल्या गेल्या. जेथे कोणी पाहावयाचे नाही अशा जागी. जॉब्ज यांची सही तेथे आहे, आणि जरा शोधले की सात अक्षरांऐवजी तीनच अक्षरांत उरकलेली, पूर्वी क्लबात आराखडे फुकट वाटणाऱ्या त्या लाजाळू तरुणाचीही सापडते.